मांडूच्या पावसात, बाबांबरोबर

मांडू पावसाळ्यातच बघावं, हे इंदुरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. जुलैचे दोन-चार चांगले पाऊस झाले की रविवारी अर्धं इंदूर त्या रस्त्याला लागतं. अंतर साधारण शंभर किलोमीटर. मोटारसायकलवर रेनकोट घातलेली जोडपी, कारमध्ये कॉलेजची टोळकी, वाटेत भाजलेले भुट्टे आणि चहा. राणी रूपमती आणि बाजबहादूर यांच्या प्रेमकथेवर हे गाव साडेचारशे वर्षं ओळखलं जातंय. त्यामुळे मी बाबांबरोबर मांडूला चाललेय म्हटल्यावर मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. "वडिलांबरोबर मांडूला कोण जातं गं?"

खरं तर बाबांनीच विचारलं होतं. श्रावणातला बुधवार होता, गर्दी नसणार म्हणून. आई गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिली, पण खरं कारण गुडघे नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी दादाने बंगळुरूहून फोन करून सांगितलं होतं की त्याच्या ऑफिसातली एक मुलगी त्याला आवडते, ती केरळची आहे, आणि त्यांना लग्न करायचं आहे. आईने फोन बाबांच्या हातात दिला आणि कुकर लावायला आत गेली. तेव्हापासून ती दादाशी फक्त "जेवलास का" एवढंच बोलते. बाबा काय म्हणतात ते कुणालाच कळलेलं नव्हतं, कारण ते काही म्हणालेच नव्हते.

आम्ही धारमार्गे गेलो. माळव्यातला हा पट्टा पावसात नुसता हिरवा असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन. धार हे पवारांचं संस्थान, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर मराठी आडनावं दिसली की बाबा ती मोठ्याने वाचतात. ही त्यांची जुनी सवय. चार पिढ्या इंदुरात काढलेल्या माणसाला अजूनही कुठे मराठी आडनाव दिसलं की नातेवाईक भेटल्यासारखं होतं.

धार सोडल्यावर ते एकदम म्हणाले, "मला मार्चपासून माहीत होतं."

"काय?"

"दादाचं. होळीला आला होता तेव्हा आईला विचारत होता, साबुदाणा आदल्या रात्री भिजवायचा की सकाळी. सव्वीस वर्षांत या मुलाने साबुदाणा फक्त खाल्लाय. ज्या मुलाला खिचडीची कृती हवी असते, त्याला ती कुणाला तरी करून घालायची असते."

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. पस्तीस वर्षं चेकवरच्या सह्या जुळवल्या. सहीतला एक फाटा जरी लांबला तरी त्यांच्या लक्षात यायचं. घरातल्या माणसांचंही तेच. मोबाइल टेबलावर उलटा ठेवणं, गच्चीवर जाऊन बोलणं, या गोष्टी सगळ्याच आईबापांना दिसतात. बाबांना दिसलं ते वेगळंच. दादा आधी फोनवर "पगार झाला" म्हणायचा, आता "आमच्याकडे पगार झाला" म्हणायला लागला होता. "आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? एकटा राहतो ना तू?" हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं नोंदवून ठेवलं.

आणि एकदा दादाने त्यांना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही आईला पहिली भेट काय दिली होती?"

"मग काय सांगितलंत?"

"पगाराचं पाकीट. खरं तेच सांगितलं."

मांडू आलं की आधी दरी येते. गावाच्या अलीकडेच काकडा खोह नावाची खोल घळ आहे, पावसात तिच्यात धबधबे कोसळतात. तिथे सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. रस्त्याकडेला गोरखचिंचेची फळं विकायला बसलेल्या बायका होत्या. अफाट बुंध्याचं हे झाड मूळ आफ्रिकेतलं, पण मांडूत अशी झाडं इतकी आहेत की इथे त्याला सरळ 'मांडू की इमली' म्हणतात. वरून मखमली, टणक कवच आणि आत पांढरा आंबट गर. बाबांनी एक घेतलं, गाडीत ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला. आंबट खाल्लं की ती बोलायला लागते."

जहाज महाल तुम्ही फोटोत पाहिला असेलच. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध सुमारे १२० मीटर लांबीची ही इमारत. तलाव भरले की ती खरंच नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळतं. आमच्या लक्षात राहिलं ते तिथल्या बापलेकांचं. हा महाल सुलतान गियासुद्दीन खिलजीचा समजतात. त्याला त्याच्याच मुलाने, नासिरुद्दीनने, विष दिलं असं जुने इतिहासकार सांगतात. पुढे १६१७ मध्ये बादशहा जहांगीर मांडूत येऊन राहिला, तेव्हा त्याने या नासिरुद्दीनच्या कबरीला लाथा मारल्या. हे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. गंमत अशी की जहांगीरनेही तरुणपणी बापाविरुद्ध, म्हणजे अकबराविरुद्ध, बंड केलं होतं. आणि त्याच वर्षी मांडूत त्याने ज्या मुलाला कौतुकाने 'शाहजहान' हा किताब दिला, त्या मुलाने काही वर्षांनी जहांगीरविरुद्ध बंड केलं.

"बघ," बाबा म्हणाले, "त्या मानाने दादाने नुसता फोन केलाय."

होशंगशाहचा संगमरवरी मकबरा, जामी मशीद, तिरप्या भिंतींचा हिंडोला महाल हे सगळं आम्ही भराभर पाहिलं. खरी ओढ पुढची होती. मध्ये एका टपरीवर दाल-पानिये खाल्ले. मक्याच्या पिठाचे गोळे झाडाच्या पानांत धरून गोवऱ्यांवर भाजतात, वर तूप. बाबांनी तीन खाल्ले आणि डॉक्टरला सांगू नकोस म्हणाले.

गावाच्या दक्षिण टोकाला रेवा कुंड आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे लोकही इथे येतात. कुंडाच्या बाजूला बाजबहादूरचा महाल आणि त्याच्या वर, कड्याच्या अगदी काठावर, रूपमतीचा मंडप. दंतकथा अशी की रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे, म्हणून सुलतानाने तिला नदी दिसेल असा हा मंडप दिला.

कथा सुंदर आहे, पण दगडांचं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाजबहादूरच्या महालावरचा फारसी शिलालेख सांगतो की तो महाल नासिरुद्दीनच्या काळात, १५०८-०९ च्या सुमारास बांधला. बाजबहादूर गादीवर आला त्याच्या कितीतरी आधी. आणि रूपमतीचा मंडप मुळात सैन्याची टेहळणीची चौकी होती. दक्षिणेकडून निमाडातून शत्रू चढून येतोय का, हे बघायला इथे पहारेकरी बसत. वरच्या दोन घुमटांच्या छत्र्या नंतरच्या. पहाऱ्याच्या जागेचा प्रेमाचा मंडप झाला तो मागाहून.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते पायऱ्या चढता चढता थांबले. मला वाटलं दम लागला.

"पुढचं सांग. शेवट काय झाला त्यांचा?"

शेवट सगळ्यांना माहीत असतो. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आदमखान माळव्यावर चालून आला. सारंगपूरजवळ लढाई झाली, बाजबहादूर हरला आणि पळाला. रूपमती आदमखानाच्या हाती लागणार हे दिसताच तिने विष घेतलं. बाजबहादूर काही वर्षं इकडेतिकडे भटकला आणि शेवटी अकबराच्याच चाकरीत गेला. 'ऐन-ए-अकबरी'मध्ये दरबारातल्या गायकांच्या यादीत त्याचं नाव आहे.

"म्हणजे तो गात राहिला," बाबा म्हणाले. "आणि आपण चारशे वर्षं दोघांचं नाव एकत्र घेतोय."

पावसात मंडपावरून नर्मदा दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर निमाडाच्या सपाटीवर दूर एक चांदीची रेघ दिसते म्हणतात. आम्हाला दिसला तो फक्त ढग. तो खालून वर येत होता, कमानीतून आत शिरत होता, आणि समोरचं माणूस मधूनच पुसलं जात होतं. आमच्याशिवाय एक जोडपं होतं, ते आम्हाला बघून पलीकडच्या छत्रीत गेलं. बाबा कठड्याशी उभे राहिले आणि ढगाकडे बघत बोलायला लागले. त्यांनी हे आधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

"मी इथे १९८३ साली आलो होतो. ताईच्या कॉलेजची सहल होती. आजोबांनी मला सोबत पाठवलं. मी अठरा वर्षांचा, ताई एकविसाची. सोबत म्हणजे काय, लक्ष ठेवायला. असाच पाऊस होता. तिच्या वर्गात एक सिंधी मुलगा होता. या पायऱ्या उतरताना त्याने तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. छत्री एकच होती. बस. एवढंच पाहिलं मी. रात्री घरी जेवताना आजोबांनी विचारलं, कशी झाली सहल? मी सांगून टाकलं."

"मग?"

"मग काही नाही. कुणी ओरडलं नाही. आजोबा ओरडायचेच नाहीत. चार महिन्यांत ताईचं जबलपूरला लग्न झालं."

मला आत्या आठवली. दिवाळीला येते, करंज्या करते, काकांची खेचते. काका चांगले आहेत. दोघं मिळून टीव्हीवरच्या सगळ्या मालिका बघतात आणि सगळ्यांना नावं ठेवतात. मी बाबांना तसं म्हटलंही, "पण आत्या सुखात आहे."

"आहे ना. तेच तर. ती दुःखात असती तर मी कधीच माफी मागून मोकळा झालो असतो. सुखात आहे, म्हणून बोलायची सोयच राहिली नाही. पण इतक्या वर्षांत तिने माझ्यासमोर मांडूचं नाव घेतलेलं नाही. इंदूरची मुलगी, मांडूचं नाव घेत नाही."

ढग थोडा सरला. खाली निमाड दिसला, ओला आणि सपाट.

"दादाचा फोन आला तेव्हा मला आधी तीच छत्री आठवली," ते म्हणाले. "तुमची आई विचारते, तुमचं मत काय? मला मतच सापडत नाहीये. मी आयुष्यभर या चौकीवर उभा. आधी आजोबांनी उभं केलं, मग बाप झालो म्हणून आपोआप उभा राहिलो. कुणी येतंय का, कोण येतंय. आता येणारं माणूस आलंय, आणि मला कळत नाही की हाक मारायची की खाली उतरून जायचं."

मी काही बोलले नाही. अशा वेळी लेकीने काय बोलायचं असतं, हे मला अजूनही माहीत नाही.

मांडूहून महेश्वर चाळीसेक किलोमीटर. घाट उतरला की हवा बदलते, माळवा संपून निमाड लागतो आणि गाडीत एकदम उकडायला लागतं. आमचं महेश्वर ठरलेलं नव्हतं. बाबाच म्हणाले, वरून नर्मदा दिसली नाही, तर खाली जाऊन बघू.

अहिल्याबाईंनी आपली राजधानी इथे आणली. पाण्यात उतरणारे लांबच लांब दगडी घाट, वर किल्ला, आणि किल्ल्यात त्यांची साधी गादी. आपल्याकडे अहिल्याबाई म्हटलं की हातात शिवलिंग घेतलेली मूर्ती आणि देशभर बांधलेली मंदिरं, घाट, विहिरी डोळ्यांपुढे येतात. त्या एक आईही होत्या, हे कमी लोकांच्या लक्षात राहतं.

त्यांची मुलगी मुक्ताबाई. तिच्या लग्नाची गोष्ट निमाडात अजून सांगतात. राज्यात चोर-लुटारूंचा फार उपद्रव होता. बाईंनी भर दरबारात जाहीर केलं की जो याचा बंदोबस्त करेल त्याला माझी मुलगी देईन. यशवंतराव फणसे नावाचा तरुण उठला, त्याने ते काम केलं आणि तो होळकरांचा जावई झाला. कुळ, पैसा, जात यांचा विचार न करता आईने जावई निवडला, असं ही गोष्ट सांगणारे आवर्जून सांगतात. (मुक्ताबाईला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला पडला. गोष्टीत त्याचं उत्तर नाही.)

पुढचं मात्र गोष्ट नाही, इतिहास आहे. मुक्ताबाईचा मुलगा वारला, आणि १७९१ मध्ये यशवंतरावही गेले. मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात, जुन्या माणसांकडून ऐकून, ही हकीकत लिहिली आहे. अहिल्याबाईंनी मुलीपुढे हात जोडले, आपल्याला एकटीला सोडून जाऊ नकोस म्हणून विनवलं. मुलगी ऐकली नाही. बाई तिच्याबरोबर नदीपर्यंत चालत गेल्या. त्यांना दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवावं लागलं. त्यानंतर तीन दिवस त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

आणि याच अहिल्याबाई स्वतः १७५४ मध्ये, खंडेराव कुंभेरीला पडले तेव्हा, सती जायला निघाल्या होत्या. त्यांना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, थांबवलं होतं. सासऱ्याने सुनेला थांबवलं, आणि ती थांबली म्हणून हे सगळे घाट उभे राहिले. तिला स्वतःच्या लेकीला मात्र थांबवता आलं नाही.

बाबा घाटाच्या पायरीवर बसून हे ऐकत होते. पाणी गढूळ होतं आणि बरंच वर चढलेलं, त्यामुळे होड्या बांधून ठेवलेल्या. शेजारी एक बाई पोराला आंघोळ घालत होती आणि ते किंचाळत होतं.

"इंदूरचे राजे असूनही ही गत," ते म्हणाले.

इंदूरच्या राजांवरून मला शर्मिष्ठादेवी आठवल्या. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९२८ मध्ये सिएटलच्या नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. तिने हिंदू धर्म घेतला, शर्मिष्ठादेवी हे नाव घेतलं. लग्न झालं ते बडवाहला, इथून फार लांब नाही. तेव्हा केवढा गहजब झाला असेल. मी म्हटलं, "बाबा, सिएटलपेक्षा केरळ जवळ आहे."

ते हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच खरं हसले. मग म्हणाले, "आता तुझं सांग."

"माझं काय?"

"गेल्या ऑक्टोबरात तुला डेंग्यू झाला होता. रोज सकाळी प्लेटलेट्सचा रिपोर्ट घेऊन एक मुलगा यायचा. मी खाली चहाला गेलो की तो वर यायचा, मी वर आलो की खाली जायचा. नारळपाणी आणायचा. सात दिवस. तो कोण?"

मी पाण्याकडे बघितलं. मग सांगितलं. नाव, गाव, काय करतो, पक्की नोकरी अजून नाही, घरात कोण कोण आहे. जातही सांगितली, कारण ती कधी ना कधी विचारली जाणारच होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सातव्या दिवशी पाऊस होता. तरी आला होता."

"हो."

"पळणारा नाही म्हणजे."

वर बाजारात आम्ही एका विणकराच्या दुकानात शिरलो. माहेश्वरी साडीची किनार दोन्ही बाजूंनी नेसता येते. किनारीवरचे नक्षीचे नमुने घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवरून घेतलेत म्हणतात. बाबांनी आईसाठी एक जांभळी घेतली. दुकानदाराने दुसरी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि परत दिली. "हिचा रंग तिला आवडेल की नाही मला माहीत नाही. तिलाच घेऊन येऊ. स्वतः निवडेल." ती म्हणजे कोण, हे दुकानदाराला कळलं नाही.

परतताना अंधार पडला. मी गाडी चालवत होते. महामार्गाला लागलो तेव्हा बाबांनी फोन काढला आणि जबलपूरला लावला. मला फक्त एकच बाजू ऐकू येत होती.

"ताई, झोपली नाहीस ना? ... अगं काही नाही, सगळे ठीक आहेत. ... मांडूला गेलो होतो आज. ... हो. हो, पाऊस आहे. ... वर गेलो होतो, हो, रूपमती मंडपावरही."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वायपर चालू होते. मी आवाज नको म्हणून काचा वर घेतल्या.

"ऐक ना," ते म्हणाले. "आपल्या दादाने मुलगी पसंत केलीय. केरळची आहे. दोघं नवरात्रात येतील. मला वाटतं, आधी तू भेट तिला. आमच्या आधी. ... नाही, जबलपूरला नको. तू इकडे ये. मांडूला जाऊ सगळे."

पलीकडून आत्या काय म्हणाली ते मला कळलं नाही. बाबा "हूं" म्हणाले, मग पुन्हा "हूं", आणि थोड्या वेळाने म्हणाले, "नाही गं, छत्री माझ्याकडे आहे. तुझी तू आणू नकोस."